बॅरिस्टर गांधींची सनद

महात्मा गांधींचे चरित्र आपण सर्वांनी शालेय जीवनापासून ऐकले आहे. चरखा, मिठाचा सत्याग्रह, उपवास, प्रार्थनासभा ही सारी चित्रे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु हा मनुष्य वीस वर्षे व्यवसायाने वकील होता, आणि कायदा मोडल्याबद्दल त्याच्या व्यवसायानेच त्याला बाहेर काढले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. दिनांक १० नोव्हेंबर १९२२ रोजी लंडन येथील इनर टेंपल या विधिसंस्थेने बॅरिस्टरांच्या यादीतून मोहनदास करमचंद गांधी हे नाव काढून टाकले. त्या वेळी गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते.

कायद्यावर ज्याची उपजीविका चालते, त्याने एखादा कायदा अन्यायाचा वाटला म्हणून तो मोडावा काय? मोडल्यास त्याच्या सनदेचे काय व्हावे? हा प्रश्न केवळ वकिलांचा नाही. शिक्षक, डॉक्टर, सरकारी नोकर, पाळक, ज्याने म्हणून एखादी शपथ घेऊन काम स्वीकारले आहे, त्या प्रत्येकापुढे तो केव्हा तरी उभा राहतो. म्हणून गांधीजींच्या चरित्राचा हा एकच धागा प्रस्तुत लेखात उलगडून पाहण्याचा विचार आहे.

लाजाळू बॅरिस्टर

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील संस्थानाचे दिवाण होते. वडिलांच्या निधनानंतर मावजी दवे नावाच्या कुटुंबाच्या स्नेह्याने सल्ला दिला की, मुलाने विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे, म्हणजे दिवाणगिरी घरात राहील. मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आईसमोर करून ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून निघाले. समुद्र ओलांडल्याबद्दल जातीने त्यांना बहिष्कृत केले. अशा रीतीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच त्यांना दोन गोष्टींचा अनुभव आला: एक, घेतलेली प्रतिज्ञा पाळण्याचा, दुसरा, समाजाचा हुकूम न मानल्याची शिक्षा मुकाट्याने सोसण्याचा.

इनर टेंपलमध्ये त्यांचे नाव ६ नोव्हेंबर १८८८ रोजी दाखल झाले. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी ठरावीक संख्येची भोजने घेणे व दोन परीक्षा देणे एवढे पुरेसे असे. गांधीजींनी मात्र रोमन कायदा मूळ लॅटिनमधून वाचला. याच काळात एका शाकाहारी खानावळीत भेटलेल्या सज्जन ख्रिस्ती गृहस्थाने त्यांना पवित्र शास्त्र वाचावयास दिले. जुन्या करारातील काही पुस्तके वाचताना त्यांना झोप येई, हे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले. परंतु डोंगरावरील प्रवचन थेट अंतःकरणाला जाऊन भिडले. दिनांक १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले, ११ जूनला उच्च न्यायालयात नाव नोंदविले आणि १२ जूनला मायदेशी निघाले.

मुंबईत त्यांचा आरंभ फजितीने झाला. लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या स्त्रीचे काम त्यांना मिळाले. उलटतपासणीसाठी ते उभे राहिले. पण डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. तीस रुपये फी परत करून ते न्यायालयाबाहेर पडले. दलालांना दलाली देण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे कामेही येईनात. एका शाळेत शिक्षकाची जागा मागितली, तीही पदवी नसल्याने मिळाली नाही. शेवटी राजकोटला परतून अर्ज लिहून देण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि तेथे भावाच्या आग्रहाखातर वकिलांना हिस्सा देण्याच्या प्रथेला त्यांना मान तुकवावी लागली. आपल्या या तडजोडीची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. व्यवसायाची नीती त्यांना जन्मतः लाभलेली नव्हती. ती त्यांना एकेक पायरी चढत मिळवावी लागली.

दक्षिण आफ्रिकेतील वकिली

एप्रिल १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी, एक वर्षाच्या कराराने व १०५ पौंड मेहनतान्यावर, ते दक्षिण आफ्रिकेस गेले. पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवून देण्यात आले, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्या दाव्यासाठी ते गेले, त्याची कथा तितकी सर्वश्रुत नाही. दावा सुमारे ४०,००० पौंडांचा होता आणि वादी-प्रतिवादी एकमेकांचे नातलग व एकाच शहरचे व्यापारी होते. दावा असाच चालला तर दोघेही धुळीस मिळतील, हे गांधीजींनी ओळखले. दोघांचे मन वळवून त्यांनी प्रकरण लवादापुढे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर, हरलेल्या तय्यब शेटांचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घेण्यास त्यांनी आपल्याच अशिलाला राजी केले. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हेच वकिलाचे खरे काम आहे, असा धडा त्यांनी यातून घेतला. न्यायालयाच्या वाटेवर असतानाच प्रतिपक्षाशी सलोखा करावा, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनातच सांगितले आहे. ते वचन व्यवहारात कसे उतरते, याचा हा एक उत्तम नमुना होय.

सन १८९४ मध्ये त्यांनी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तेथील वकिलांच्या संस्थेने विरोध केला. कायद्यात गोरा-काळा असा भेद नाही, असे सांगून न्यायालयाने तो विरोध फेटाळला व त्यांना शपथ दिली. लगेच मुख्य न्यायाधीशांनी त्यांना पगडी उतरविण्यास सांगितले. वर्षापूर्वी डर्बनच्या मॅजिस्ट्रेटने हेच सांगितले तेव्हा गांधीजी न्यायालय सोडून निघून गेले होते. या वेळी मात्र त्यांनी पगडी उतरविली. मित्रांना हे आवडले नाही. आता आपण या न्यायालयाचे अंग झालो आहोत, तेव्हा त्याचे शिष्टाचार पाळणे आपले कर्तव्य आहे, असा त्यांचा विचार होता. लढावयाचे ते मोठ्या गोष्टीसाठी. सनद घेणे म्हणजे काही बंधने स्वखुशीने पत्करणे होय, हे त्यांना पहिल्या दिवसापासून मान्य होते. पुढे त्यांनी कायदा मोडला तेव्हाही या गोष्टीचा त्यांना विसर पडला नाही.

त्यांच्या वकिलीतील तीन प्रसंग येथे सांगण्याजोगे आहेत. एका हिशेबाच्या दाव्यात लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने लागला होता. पण त्यात जमा-खर्चाची एक चूक अशिलाच्या फायद्याची राहून गेली होती. ती आपण होऊन उघड करू नये, असे वरिष्ठ वकिलांचे मत पडले. गांधीजींनी अशिलाची संमती घेतली आणि स्वतः न्यायालयापुढे उभे राहून चूक कबूल केली. आरंभी न्यायाधीशांना यात काही डाव असल्याचा संशय आला. परंतु अखेरीस त्यांनी चुकीपुरती दुरुस्ती करून निवाडा कायम ठेवला.

दुसरा प्रसंग जोहान्सबर्गचा. काम चालू असताना आपल्या अशिलाने आपल्याला फसविले आहे, हे गांधीजींच्या ध्यानात आले. त्यांनी तेथल्या तेथे मॅजिस्ट्रेटला अशिलाचा दावा काढून टाकण्याची विनंती केली.

तिसरा प्रसंग त्यांचे जिवलग स्नेही पारशी रुस्तुमजी यांचा. हे डर्बनचे मोठे व्यापारी. पण जकात चुकवून माल आणण्याची त्यांना सवय होती व ती एकदा उघडकीस आली. रडत रडत ते गांधीजींकडे आले. गांधीजींनी बचावाची युक्ती शोधली नाही. त्यांनी सर्व गुन्हा कबूल करावयास लावले, आतापर्यंत न पकडलेलासुद्धा. जकात अधिकारी व सरकारी वकील यांना भेटून त्यांनी चुकविलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर तडजोड घडवून आणली. रुस्तुमजींनी सारी हकिकत लिहून, काचेच्या चौकटीत बसवून, वारसांना धडा म्हणून आपल्या कचेरीत टांगली.

हे प्रसंग सांगण्याचे कारण असे की, पुढे ज्याने कायदा मोडला तो कायद्याला तुच्छ लेखणारा नव्हता. कायदेभंगाचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे ठरविताना हा पूर्वेतिहास विसरता येत नाही.

वकील आरोपीच्या पिंजऱ्यात

सन १९०३ मध्ये गांधीजी ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयाचे अ‍ॅटर्नी झाले व जोहान्सबर्गला त्यांनी कचेरी थाटली. वकिली उत्तम चालू लागली. तोच १९०६ मध्ये आशियाई रहिवाशांवर सक्तीची नोंदणी लादणारा वटहुकूम आला. दहाही बोटांचे ठसे द्यावेत, परवाना सतत जवळ बाळगावा व पोलीस मागेल तेव्हा दाखवावा, अशी ती व्यवस्था होती. दिनांक ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एंपायर नाट्यगृहात हिंदी लोकांची प्रचंड सभा भरली. हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्ष ठेवून शपथ घेण्याची सूचना केली. गांधीजी क्षणभर दचकले. शपथ म्हणजे काय, हे वकील म्हणून व भक्त म्हणूनही त्यांना ठाऊक होते. उठून त्यांनी लोकांना सावध केले की, ही शपथ प्रत्येकाने एकट्याने, स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावयाची आहे. इतरांनी मोडली तरी आपणांस ती मोडता येणार नाही. तुरुंग, दंड, उपासमार, मृत्यू हे सारे तिच्यात अंतर्भूत आहे. त्यानंतरच सभेने शपथ घेतली.

दिनांक १० जानेवारी १९०८ रोजी, ट्रान्सवाल सोडून जाण्याचा हुकूम मोडला म्हणून, गांधीजींना जोहान्सबर्गच्या न्यायालयात उभे करण्यात आले. ज्या न्यायालयात ते अनेकदा वकील म्हणून उभे राहिले, तेथेच आज ते आरोपी होते. थोडेसे अवघडल्यासारखे झाले, हे त्यांनी नंतर नमूद केले. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि सर्वांत कडक शिक्षा मागितली, कारण सहकाऱ्यांना अधिक कडक शिक्षा झाल्या होत्या. मॅजिस्ट्रेटने दोन महिन्यांची साधी कैद दिली. समझोता झाल्यामुळे ३० जानेवारीलाच त्यांची सुटका झाली.

त्या समझोत्यावर चिडलेल्या मीर आलम नावाच्या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी १० फेब्रुवारीस गांधीजींना रस्त्यात बेदम मारहाण केली. बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक रेव्हरंड जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेले व रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. शुद्धीवर येताच गांधीजींनी हल्लेखोरांवर खटला करू नये, अशी विनंती केली. त्यांच्या इच्छेवरून डोकसाहेबांच्या मुलीने कार्डिनल न्यूमन यांचे सुप्रसिद्ध प्रकाशगीत त्यांना गाऊन दाखविले. याच डोकसाहेबांनी १९०९ मध्ये गांधीजींचे पहिले चरित्र लिहिले, ही आपणां ख्रिस्ती वाचकांना विशेष आनंदाची गोष्ट वाटेल.

पुढे सत्याग्रह वाढला, तुरुंगवास वाढले आणि वकिली कमी कमी होत बंद झाली. लढा व वकिली ही एकत्र नांदू शकत नाहीत, हे कोणी सांगण्यापूर्वीच गांधीजींनी ओळखले होते. नोव्हेंबर १९१३ मध्ये गिरमिटिया मजुरांना खाणी सोडून निघण्यास प्रवृत्त केल्याबद्दल डंडी येथे त्यांच्यावर खटला झाला. तेथे त्यांनी, आपण याच व्यवसायातील आहोत व नाताळचे जुने रहिवासी आहोत, याचा मुद्दाम उल्लेख करून सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. साठ पौंड दंड भरून सुटता आले असते. त्यांनी नऊ महिन्यांची कैद पत्करली.

चंपारणचे वकील

हिंदुस्थानात परतल्यावर १९१७ मध्ये ते चंपारणच्या निळीच्या शेतकऱ्यांकडे गेले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. दिनांक १८ एप्रिल १९१७ रोजी मोतिहारीच्या न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला. कायदा मानणारा नागरिक म्हणून हुकूम पाळण्याकडे आपला स्वाभाविक कल आहे, परंतु ज्यांच्यासाठी आलो त्यांच्याविषयीचे कर्तव्य सोडल्याशिवाय तो पाळता येत नाही, असे त्यांनी निवेदन केले. निकाल होण्यापूर्वीच सरकारने खटला काढून घेतला.

या प्रकरणात बिहारचे नामांकित वकील, ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद प्रभृती, गांधीजींच्या मदतीस आले होते. गांधीजींना त्यांच्या वक्तृत्वाची गरज नव्हती. शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेणारे लेखनिक त्यांना हवे होते. गांधीजी तुरुंगात गेले तर आपण काय करावयाचे, हा प्रश्न या वकिलांपुढे पडला. परक्या प्रांताचा मनुष्य आपल्या शेतकऱ्यांसाठी तुरुंगात जाणार आणि आपण घरी परतणार, हे त्यांच्या मनास पटेना. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. त्या वेळी तेथे आलेले सी. एफ. अँड्रूज यांना ठेवून घ्यावे, अशी या वकिलांची इच्छा होती. एका इंग्रज पाद्र्याचा आधार शोधणे हे मनाच्या दुर्बलतेचे लक्षण आहे, असे गांधीजींनी त्यांना स्पष्ट सांगितले आणि अँड्रूज ठरल्याप्रमाणे फिजीला गेले.

मुंबई उच्च न्यायालयापुढे

खरा कायदेशीर पेच १९१९ मध्ये उभा राहिला. रौलट कायद्याच्या विरोधात २४ फेब्रुवारी १९१९ रोजी साबरमती आश्रमात सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार झाली. हे कायदे, तसेच पुढे नेमली जाणारी समिती ठरवील ते इतर कायदे, आपण सविनयपणे मोडू, असा तिचा आशय होता. सही करणाऱ्यांत अहमदाबादचे काही वकील होते. ज्यांच्या कोचरबच्या बंगल्यात गांधीजींचा पहिला आश्रम १९१५ मध्ये सुरू झाला, ते बॅरिस्टर जीवणलाल देसाई त्यांपैकीच एक.

अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी या वकिलांविषयी मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहिले. उच्च न्यायालयाने वकिलांना नोटिसा काढल्या. ऑक्टोबर १९१९ मध्ये निकाल लागला. जो कायद्यावर जगतो त्याने कायदा पाळला पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. सनद मात्र कोणाचीही काढून घेण्यात आली नाही. ताकीद देऊन प्रकरण संपले.

तेवढ्यात त्यातून दुसरे प्रकरण निघाले. केनेडींचे ते पत्र गांधीजींनी ऑगस्ट १९१९ मध्ये आपल्या यंग इंडिया साप्ताहिकात टीकेसह छापले. चालू प्रकरणातील खाजगी पत्र छापणे हा न्यायालयाचा अवमान ठरला. ठरावीक नमुन्यात माफी छापावी, असे मुख्य न्यायाधीशांनी सुचविले. अशीच परिस्थिती पुन्हा आली तर आपण पुन्हा हेच करू, मग खोटी माफी कशी मागावी, अशी गांधीजींची अडचण होती. संपादक म्हणून ते व प्रकाशक म्हणून महादेवभाई देसाई मार्च १९२० मध्ये न्यायालयापुढे हजर झाले. शिक्षा सोसण्याची तयारी त्यांनी सांगितली. न्यायालयाने कडक शब्दांत समज देऊन त्यांना सोडले.

या निकालाचा विचार करताना आपण न्यायाधीशांवर अन्याय करू नये. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे प्रभूचे वचन आपणांस ठाऊक आहे. न्यायालयाचा आक्षेप त्याच जातीचा होता. एका विशिष्ट कायद्याला विवेकबुद्धीने विरोध करणे ही एक गोष्ट; परंतु कोणते कायदे मोडावेत हे ठरविण्याचा अधिकार आगाऊच एका समितीच्या हाती देणे ही अगदी वेगळी गोष्ट. वकिलाने आपली आज्ञाधारकता न्यायालयाला देऊ केली होती. तीच आता तो एका अनोळखी समितीला देऊन बसला होता. मग त्याची विवेकबुद्धी उरली कोठे?

विशेष म्हणजे गांधीजींना स्वतःलाही या प्रतिज्ञेच्या दुसऱ्या टोकाशी ठेच लागली. एप्रिल १९१९ मध्ये अहमदाबाद, विरमगाव व इतरत्र दंगली झाल्या, माणसे मारली गेली. गांधीजींनी १८ एप्रिलला कायदेभंग थांबविला आणि आपल्या हातून हिमालयाएवढी चूक झाल्याची कबुली दिली. चूक कोणती? जे लोक कायदे मनापासून व समजून पाळावयास शिकलेले नाहीत, त्यांना आपण कायदे मोडावयास सांगितले. शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर कर्तव्य म्हणून जो कायदा पाळतो, त्यालाच कोणता कायदा अन्यायाचा आहे हे ओळखण्याचा अधिकार येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. उच्च न्यायालय आणि गांधीजी दोन विरुद्ध दिशांनी येऊन जवळजवळ एकाच दाराशी उभे राहिले, असे मला वाटते.

सनद गेली

डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकारितेचा कार्यक्रम कायम केला. वकिलांनी न्यायालये सोडावीत, हे त्यातील एक कलम होते. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, राजगोपालाचारी, राजेंद्र प्रसाद यांनी भरभराटीची वकिली सोडली. सर्वांच्याच घरी शिल्लक नव्हती. म्हणून वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी अशा वकिलांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. पुढे अनेक जण संसाराच्या ओढीने न्यायालयात परतले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही.

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळून पोलिसांना ठार मारले. गांधीजींनी चळवळ थांबविली. १० मार्चला त्यांना अटक झाली व १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या सर्किट हाऊसमध्ये न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला. यंग इंडियातील तीन लेख हा पुरावा होता. गांधीजींनी व मुद्रक शंकरलाल बँकर यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांना हा कायदा वाईट वाटत असेल तर त्यांनी राजीनामा द्यावा, चांगला वाटत असेल तर कडक शिक्षा द्यावी, असे गांधीजींनी सुचविले. ब्रूमफील्ड यांनी लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेचा दाखला घेऊन सहा वर्षांची साधी कैद सुनावली, आणि सरकारने ती पुढे कमी केल्यास आपणांस आनंदच होईल असेही बोलून दाखविले. न्यायाधीश व आरोपी यांनी एकमेकांना दिलेला तो मान न्यायालयांच्या इतिहासात विरळाच आहे.

याच शिक्षेच्या आधारे आठ महिन्यांनी इनर टेंपलने त्यांचे नाव काढले. सक्षम न्यायालयाने ज्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरविले, त्यामुळे ते बॅरिस्टर राहण्यास पात्र नाहीत, असे कारण नोंदविण्यात आले. त्याच संस्थेने १९०९ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांचेही नाव राजकीय लिखाणामुळे काढले होते. गांधीजींनी या निर्णयाविरुद्ध झगडा केला नाही. सनदेच्या जोरावर त्यांना काही मिळवावयाचे नव्हते. ती त्यांनी मनाने केव्हाच परत केली होती. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली व ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना मुक्त केले. त्यानंतर चोवीस वर्षे ते जगले, अनेकदा तुरुंगात गेले. पण वकील म्हणून पुन्हा कधीही उभे राहिले नाहीत. दिनांक ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. चाळीस वर्षांनी, १९८८ मध्ये, इनर टेंपलने त्यांचे नाव पुन्हा यादीत घातले.

मर्यादा कोणती?

संस्थेची पहिली चूक की दुसरी? माझ्या मते खरा प्रश्न गुन्ह्याच्या स्वरूपाचा आहे. ज्या ट्रान्सवालमध्ये गांधीजी आरोपी झाले, तेथेच १९५४ मध्ये वकिलांच्या संस्थेने नेल्सन मंडेला यांचे नाव काढावे म्हणून अर्ज केला. मंडेलांना अन्यायी कायद्यांविरुद्धच्या मोहिमेबद्दल शिक्षा झाली होती. न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. त्यांच्या कृत्यात अप्रामाणिकपणा किंवा लाजिरवाणे असे काही नाही, असे ठरविले. आपल्या देशातील १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्येही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास वकील म्हणून नोंदणी नाकारली जाते. प्रत्येक गुन्ह्याला तोच नियम लागू होत नाही. चोरी, लाच, खोटी साक्ष यांनी वकिलाचे चारित्र्य उघडे पडते. विवेकबुद्धीसाठी उघडपणे सोसलेल्या तुरुंगवासाने तसे होत नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये कॅप्टन हरीश उप्पल यांच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वकिलांना संप करण्याचा किंवा न्यायालयावर बहिष्कार टाकण्याचा हक्क नाही. काळी फीत, निवेदन, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेची निदर्शने या वाटा त्यांना मोकळ्या आहेत. कारण उघड आहे. वकील संपावर जातो तेव्हा त्याची किंमत बहुधा जामिनाची वाट पाहत तुरुंगात बसलेला अशील मोजतो. गांधीजींच्या निषेधाची किंमत गांधीजींनी मोजली. त्यांनी न्यायालयात खोटे सांगितले नाही, लपूनछपून काही केले नाही, अशिलाला वाऱ्यावर सोडले नाही, शिक्षा टाळली नाही आणि सनद गेल्याबद्दल तक्रार केली नाही. कायदा मोडणाऱ्या वकिलाची मर्यादा शोधावयाची असेल तर ती याच पाच गोष्टींत सापडेल.

शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना योहानाच्या पहिल्या पत्रातील कैवारी या शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साहाय्यासाठी जवळ बोलाविलेला, न्यायासनापुढे आपल्या बाजूला उभा राहणारा, असा आहे. वकील हा शब्द तेथे चालला असता; पण वकील फी घेऊन घरी जातो, आणि कैवारी दुसऱ्याचे दुःख अंगावर घेतो. आपला तारणारा स्वतः न्यायासनापुढे उभा राहिला आणि अपराधी म्हणून दोन अपराध्यांच्या मध्ये टांगला गेला. म्हणूनच तो आपला कैवारी होऊ शकला. पौलाने रोमकरांस अधिकाऱ्यांच्या अधीन राहावयास शिकविले, कैसराकडे न्यायही मागितला, आणि तुरुंगवासही सोसला. पेत्र व इतर प्रेषितांनी न्यायसभेपुढे मनुष्यांपेक्षा देवाचे ऐकणे पसंत केले, फटके खाल्ले, आणि ते आनंद करीत बाहेर पडले. अधीनता व अवज्ञा ही दोन्ही एकाच विश्वासात कशी नांदतात, हे प्रेषितांच्या कृत्यांतून आपण वाचतो.

गांधीजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांना ओढूनताणून आपल्यात आणण्याचे कारण नाही. परंतु आपल्या मंडळ्यांतील तरुण आज वकील, अधिकारी, शिक्षक होत आहेत. एखाद्या दिवशी त्यांच्यापुढे असा हुकूम येईल की जो पाळणे त्यांच्या विवेकास पटणार नाही. त्या दिवशी त्यांनी प्रथम स्वतःस विचारावे: मी इतर दिवशी कायदा मनापासून पाळला आहे काय? माझ्या नकाराची किंमत मी देणार आहे, की दुसरा कोणी? आणि सनद गेली तर ती मी हसतमुखाने देऊ शकेन काय? या तीन प्रश्नांना ज्याच्यापाशी होकाराचे उत्तर आहे, त्याने भिऊ नये. ज्याच्यापाशी नाही, त्याने घाई करू नये.